पाठीवरची सहा बक्कलं

गेली सतरा वर्षं मी मालिका-सिनेमांसाठी चिलखतं बनवतो. ढाली, दस्ताने, शिरस्त्राणंही करतो, पण हात रमतो तो कड्यांच्या कामात. सोळा गेजची लोखंडी तार आठ मिलीमीटरच्या सळईवर गुंडाळायची, कड्या कापायच्या आणि एकेका कडीत चार-चार अडकवत विणत जायचं. एका सदऱ्याला अठरा हजारांच्या आसपास कड्या लागतात, वजन साडेनऊ किलो भरतं. लांबच्या शॉटसाठी तोच सदरा ॲल्युमिनियमचा करतो. त्याचं वजन लोखंडी सदऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच भरतं, पण घामाने कपड्यावर काळं उतरतं आणि लोखंडाचा तो जड खळखळाट येत नाही. जुन्या कारागिरांचं काम फार पुढचं. त्यांच्या चिलखतात बऱ्याचदा एक ओळ अखंड कड्यांची आणि पुढची ओळ रिबीट मारलेल्या कड्यांची असायची. ती ओढून उघडत नाही. आमची नुसती तोंडाला तोंड लावलेली कडी उघडते, म्हणून पॅकअपनंतर रोज पक्कड घेऊन बसावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात एका काल्पनिक राज्याच्या वेबमालिकेचं काम आलं. नायिका एकटीच जंगलं तुडवत हिंडणारी लढवय्यी. दिग्दर्शकांनी चित्र पाठवलं: छातीवर दोन वाट्यांसारखा उठाव दिलेला पत्रा, पोट उघडं, खांद्यांवर पंखांएवढे पत्रे. अशी चित्रं पाहिली की मला मनापासून राग येतो. त्या दोन उठावांमधल्या खाचेत भाल्याचं टोक घसरून बरोबर छातीच्या हाडावर येतं, म्हणजे चिलखतच वाराला वाट दाखवतं. खांद्यावर तेवढा पत्रा असला की तलवार उगारायला हात वर जात नाही. मी तासभर भांडलो. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाखाली महाराज खानाच्या भेटीला गेले ते चिलखत अंगरख्याच्या आत घालून. ते कुणाला दिसावं म्हणून नव्हतं, कट्यार अडावी म्हणून होतं, हे सांगितलं. त्यांना पटलं. आत कापूस भरून टाचलेला जाड डगला, वर कड्यांचा सदरा आणि छाती, पाठ, दोन्ही बगला झाकणारे चारआईन्याचे चार पत्रे असं ठरलं. त्यांनी एकच अट सोडली नाही. समोरून किंवा बाजूने एकही बक्कल दिसता कामा नये, वाद्या सगळ्या पाठीवर. मी हो म्हटलं.

जी बाई जंगलात एकटी निजते-उठते, तिच्या पाठीवरच्या वाद्या आवळणार कोण? हा प्रश्न मला त्याच दिवशी पडला होता. दिसण्याचं भांडण जिंकल्याच्या आनंदात मी तो गिळला.

मॉबमध्ये, म्हणजे गर्दीतल्या कलाकारांत, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार होते. पहिल्याच दिवशी त्यांनी चारआईना हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि स्वतःच्या छातीवर दोन्ही हातांनी चौकोन काढला. “आमची प्लेट एवढीच, दादा. काळीज आणि फुप्फुसं. बाकीचं अंग उघडंच.” बुलेटप्रूफ जाकिटातली सिरॅमिकची प्लेट गोळी लागली की स्वतः तडकते, तडकताना गोळीचा चुराडा करते आणि मागचा थर ते तुकडे धरतो. सगळं अंग तशा प्लेटांनी झाकलं तर माणूस टेकडी चढूच शकणार नाही. सदऱ्यावर कमरपट्टा आवळून बांधायला त्यांनीच सुचवलं. खांद्यावरचं निम्मं ओझं कमरेवर उतरलं. पायांना मी पत्रे दिलेच नव्हते. २०११मध्ये लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपी धाटणीची पुरी चिलखतं घातलेली माणसं ट्रेडमिलवर चालवली होती, तेव्हा चालण्याला दुपटीहून जास्त शक्ती लागली, आणि त्याचं मोठं कारण पायांवरचं वजन हेच होतं.

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या पात्रात शॉट होता. नायिका नदी ओलांडते, बाण लागतो, ती बुडते, उठते. बॉडी डबल चोवीस वर्षांची, कसलेली मुलगी. पाणी तिच्या कमरेच्या थोडं वर. जवळून शॉट होता म्हणून सदरा लोखंडाचाच. ती ठरल्याप्रमाणे खाली गेली. वर आली ती नुसती हनुवटीपर्यंत, आणि पुन्हा गेली.

मॉनिटरपाशी सगळ्यांना ते उत्तम अभिनय वाटलं. मला मात्र तिचे हात दिसत होते. ते पाठीकडे जात होते.

हवालदार आधीच पाण्यात उडी घेऊन पोहोचले होते. सदऱ्याची गळपट्टी मुठीत धरून त्यांनी तिचं तोंड पाण्यावर धरलं आणि ओरडले, “सुरी द्या!” काठावर साठ माणसं, प्रत्येकाच्या कमरेला तलवार किंवा कट्यार, आणि एकीलाही धार नाही. माझ्या पट्ट्याला रापी होती. चामडं कापायची, रोज दगडावर लावलेली. मी पाण्यात घुसलो. भिजून फुगलेल्या वादीतून बकलाचा काटा निघत नव्हता. सहाच्या सहा वाद्या एकेक करून कापल्या. पाठीवरचा पत्रा सुटला, मग दोघांनी सदरा तिच्या डोक्यावरून ओढून काढला. किती वेळ गेला ते कळलं नाही. तिला पुष्कळ खोकला आला, मग श्वास लागला. एका सहायकाने तेवढ्यात विचारलं, टेक ओके धरायचा का. अजून त्याच्याशी मी बोललेलो नाही.

संध्याकाळी डगला वजनकाट्यावर ठेवला. कोरडा असताना सव्वातीन किलो. तेव्हा अकरा भरला. खऱ्यासारखा हवा म्हणून त्यात कापूस मीच भरला होता, फोम नको म्हणालो होतो.

हवालदार शेकोटीपाशी बसून सांगत होते. नव्या जाकिटांना एक खटका असतो, तो ओढला की जाकीट सुटून खाली पडतं. जखमी माणसाला मोकळं करायला, पाण्यात पडलेल्याला वाचवायला. “ते घालायला शिकवतात त्याच दिवशी काढायलाही शिकवतात, दादा.” मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि सतरा वर्षांत मी कुणाला विचारलंही नव्हतं.

नवीन चिलखतात वाद्या बगलेखाली आणल्या आहेत, डाव्या हाताला सापडतील अशा. बकलांऐवजी लाकडी खुंट्या आणि फास. एक टोक ओढलं की चारही पत्रे गळतात. दिग्दर्शकांना सांगितलं, दिसल्या तर दिसू देत, नाहीतर काम दुसऱ्याला द्या. परवा ती मुलगी कारखान्यात आली. पाण्याच्या टाकीत उतरून, डोळे मिटून तिने ते एकटीने काढलं. पहिल्यांदा चाळीस सेकंद लागले, चौथ्यांदा चौदा. सदरा डोक्यावरून काढतानाच अडकतोय. आता त्याच्या पुढच्या बाजूला गळ्यापासून खालपर्यंत चीर ठेवायचं ठरवलंय, म्हणजे दोन ओळींच्या कड्या उसवून कडा पुन्हा विणाव्या लागतील. तिने रविवारी परत यायचं कबूल केलंय.