नसलेल्या बेटावर परक्या देशाची कचेरी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण नकाशा बघणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. तिवरबेट हा माझा देश. तो कुठल्याही समुद्रात सापडायचा नाही, माझ्या वहीत आहे. लांबी अकरा मैल, एक बंदर, एक दीपगृह. नोटांवरची चित्रंही मीच काढलेली. लोक हे सगळं कौतुकाने बघतात आणि मग बंदराजवळच्या परक्या झेंड्यावर बोट ठेवतात. ‘हे काय? देश स्वतःचा, मनाला येईल ते करायची मुभा, आणि तिथेही दुसऱ्याचा वाणिज्य दूतावास?’

याला कारण माझा मित्र. त्याचाही असाच एक कागदी देश आहे, डोंगराळ, चारी बाजूंनी जमीन. तरी पठ्ठ्याने जहाजं बांधली. मी हसलो, तर त्याने ऐकवलं की किनारा नसलेल्या देशालाही आपल्या झेंड्याखाली जहाज चालवता येतं, १९२१ सालच्या बार्सिलोना जाहीरनाम्यात तसं मान्य झालंय. मी गप्प. पुढच्याच आठवड्यात त्याची चिठ्ठी: ‘आमचा एक खलाशी तुझ्या बंदरात तापाने गेला. त्याच्या पेटीचं काय करतोस?’

माझ्याकडे राष्ट्रगीत होतं, आरमार होतं, टपाल तिकिटं होती. या प्रश्नाला उत्तर मात्र नव्हतं.

मग १९६३ सालचा वाणिज्यदूतांविषयीचा व्हिएन्ना करार वाचायला घेतला. त्याचं ३७वं कलम म्हणतं, परक्या देशाचा नागरिक आपल्याकडे वारला, तर त्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला विनाविलंब कळवायचं. कळवायला कचेरी तर हवी! राजदूताचं काम सरकारशी. वाणिज्यदूताच्या वाट्याला माणसांची लचांडं: हरवलेले पासपोर्ट, जन्माचे दाखले, कोठडीत पडलेले खलाशी, बेवारस पेट्या. मला आरमारापेक्षा हेच जास्त खरं वाटलं.

आता परवानगीचं. मोठा देश येतो, झेंडा रोवतो आणि कचेरी थाटतो, असं नसतं. यजमानाची संमती लागते, आणि कचेरी कुठे, कोणत्या दर्जाची, किती मुलुखापुरती, हेही त्याला मंजूर असावं लागतं. दर्जे चार. मित्राने अर्थातच सगळ्यात वरचा, महावाणिज्यदूताचा मागितला. अकरा मैलांच्या बेटावर! घासाघीस करून त्याला मानद वाणिज्यदूतावर आणला. म्हणजे बेटावरचाच एखादा प्रतिष्ठित माणूस, जो आपला धंदा सांभाळून हे काम करतो. आमचा मानद दूत जाळी विकतो.

मित्राच्या देशाने त्याचं नियुक्तिपत्र पाठवलं. त्यावर यजमान देश जी कामाची अनुमती देतो, तिला एक्झेक्वाटर म्हणतात. ती नाकारली तर कारण सांगायचं बंधन नाही. हे वाचल्यावर मी ती दोन आठवडे उगाचच अडवून ठेवली. (लहान देशांना अशी मजा क्वचितच मिळते.)

खरं भांडण झालं ते जाळ्यांच्या दुकानावरून, कारण कचेरी तिथेच. मित्राचा ठाम समज होता की कचेरी म्हणजे त्याच्या देशाची जमीन, माझ्या पोलिसांनी पायरीसुद्धा चढायची नाही. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. जमीन यजमानाचीच राहते. पगारी वाणिज्यदूताच्या कचेरीतही निव्वळ कामासाठी वापरलेल्या भागापुरतंच संरक्षण, तिथे संमतीशिवाय शिरता येत नाही. त्यातही आग लागली तर संमती आहे असं धरून चालता येतं. मानद दूताच्या जागेला तेवढंही संरक्षण नाही. त्याचे फक्त सरकारी कागद अभेद्य, तेही खाजगी आणि धंद्याच्या कागदांपासून वेगळे ठेवले तरच. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात मी दुकानाचा आराखडा काढलाय: जाळ्यांचे गठ्ठे, वजनकाटा, आणि मागच्या भिंतीला कुलूपबंद हिरवं कपाट. तिवरबेटाच्या पोलिसांना संमतीशिवाय हात लावता येत नाही, अशी दुकानातली एकच वस्तू.

कोणी म्हणतं, यामुळे देशाला मान्यता मिळते म्हणून केलंत ना? तो मोह असतो खरा. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रातल्या जुन्या लष्करी मनोऱ्यावर सीलँड नावाचा ‘देश’ आहे. १९७८ साली तिथे अडकलेल्या एका जर्मन नागरिकाच्या सुटकेसाठी जर्मनीचा अधिकारी गेला, आणि जर्मनीने आपल्याला मान्यता दिली, असं सीलँडवाले सांगू लागले. जर्मनीने ते कधीच मानलं नाही. माझ्या देशाला तर मनोराही नाही, तेव्हा तो विषय सोडा.

पेटीचं विचाराल तर, जाळीवाल्याने आणि माझ्या कस्टमच्या कारकुनाने मिळून ती उघडली. दोन सदरे, बंद पडलेलं घड्याळ, तंबाखूची डबी, न टाकलेलं एक पत्र. यादीच्या दोन प्रती केल्या, दोघांच्या सह्या झाल्या, एक प्रत हिरव्या कपाटात गेली. पत्र फोडलं नाही. पेटी मात्र अजून कस्टमच्या गोदामातच आहे. मित्राकडे पत्ता मागून तीन महिने झाले. त्याने खलाशाचं गाव अजून नकाशावर काढलेलंच नाही.