तुम्ही विचारलंत म्हणून : घरी शिकवताना गणिताचे पुस्तक कोणते?

"वहिनी, गणिताला कुठलं पुस्तक लावलासा?" हा प्रश्न मला बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या गल्लीत, लग्नाच्या पंगतीत आणि निपाणी-खानापूरहून येणाऱ्या फोनवर इतक्या वेळा विचारला गेला आहे की एकदा सविस्तर लिहून टाकणे बरे, असे वाटले. मुलीला मी गेली चार वर्षे घरीच शिकवते. ती आता नऊ वर्षांची आहे. भाषा किंवा परिसर अभ्यास कसा शिकवता, असे सहसा कोणी विचारत नाही, कारण गोष्टीची पुस्तके आणि चार सहली यांवर ते भागते, अशी लोकांची समजूत असते. धास्ती असते ती गणिताची.

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, मुलीसाठी पहिली दोन वर्षे बालभारतीचे पुस्तक मुख्य धरले, सरावाची वही स्वतः आखली आणि तिसरीच्या पातळीपासून एनसीईआरटीचे 'गणित मेला' सोबत घेतले. ही दोन्ही पुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, त्यामुळे पैशाचा प्रश्न फारसा येत नाही. पण एवढ्यावरून तुम्ही तीच पुस्तके आणलीत, तर कदाचित फसाल, कारण तुमचे मूल कोणत्या भाषेत मोजते हे मला ठाऊक नाही आणि बेळगावात तोच खरा प्रश्न आहे.

मी स्वतः आधी फसले. अगदी सुरुवातीला, बालभारतीकडे वळण्याआधी, एका ओळखीच्या कुटुंबाकडून सिंगापूर पद्धतीच्या पुस्तकांची अमेरिकी आवृत्ती जुन्यात घेतली. सिंगापूरने १९८० च्या दशकात आपल्या शाळांसाठी तयार केलेल्या या पद्धतीचे मला आजही कौतुक आहे. तिच्यात आधी वस्तू हातात, मग त्यांचे चित्र आणि शेवटी चिन्ह, असा क्रम असतो. आठ अधिक सात करताना सातातले दोन काढून आठाचे दहा करायचे आणि उरलेले पाच जोडायचे, हे मुलांना खेळाखेळात कळते. मात्र नाणी आली ती डाइम आणि निकेलची, लांबी इंचात, दूध गॅलनमध्ये. पुढच्या इयत्तेचे पुस्तक चाळताना तर एक लाखाचा स्वल्पविरामसुद्धा तीन-तीन अंकांनंतर पडलेला दिसला. हे सगळे मी बदलून सांगितले असते. अडले ते निराळ्याच ठिकाणी.

एकदा मी "त्रेसष्ट लिही" म्हटले. मुलीने वहीत थोडी जागा सोडून आधी तीन लिहिला आणि मग मागे येऊन त्याच्या डावीकडे सहा बसवला. ऐकले त्या क्रमाने तिचा हात चालला होता. उत्तर बरोबर होते, पण दुसऱ्या दिवशी तिला जागा सोडायचे भान राहिले नाही आणि त्रेसष्टचे छत्तीस झाले. 'एकोणसत्तर' म्हटले की ती बिनदिक्कत ७९ लिहायची, कारण कानावर सत्तर पडले होते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत असे आठ आकडे आहेत (नव्याण्णवाने मात्र कोण जाणे का, आपली वेगळी चूल मांडली आहे). त्याच आठवड्यात शेजारच्या अक्कांनी तिला कन्नडमध्ये "अरवत्तमूरु" सांगितले, तेव्हा तिने न थांबता सहा आणि मग तीन लिहिला. कन्नडमध्ये आधी साठ येतात, मग तीन. अरवत्तोंबत्तु म्हणजे सरळ साठ आणि नऊ. इंग्रजीचेही तसेच. विदेशी पुस्तकाने ही अडचण गृहीतच धरलेली नव्हती, कारण त्याच्या भाषेत वीसच्या पुढे ती नाही.

२०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकावरून झालेला वाद तुम्हाला आठवत असेल. एकवीसला 'वीस एक' असेही म्हणावे, अशी त्या पुस्तकात मांडणी होती. तिची भरपूर थट्टा झाली आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना ती पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागली. तेव्हा हसणाऱ्यांत मीही होते. मुलीची वही पाहिल्यावर मात्र मी खराट्याच्या हिरांचे दहा-दहाचे जुडगे रबर लावून बांधले आणि तीन महिने रोज "साठ आणि तीन, म्हणजे त्रेसष्ट" अशी दोन्ही नावे एकत्र म्हणून घेतली. सासूबाईंना हे मुळीच पटले नाही. "आमी काय असंच शिकलो काय?" असे त्या म्हणायच्या आणि त्यांना तिसापर्यंतचे पाढेच काय, औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा आजही तोंडपाठ असल्यामुळे माझ्यापाशी उत्तर नसायचे.

म्हणून आता पुस्तक हाती आले की मी प्रस्तावना किंवा रंगीत चित्रे पाहत नाही, तर हातच्याच्या वजाबाकीचे पान उघडते. बावन्नातून सत्तावीस वजा करताना एक दशक सोडून त्याचे दहा सुटे होतात, हे पुस्तक किती पाने दाखवते आणि मगच उभी मांडणी देते, की पहिल्याच उदाहरणात पाचावर काट मारून चार लिहायला लावते, एवढ्यावरून त्या पुस्तकाचा स्वभाव कळतो. त्यानंतर ३०४ वजा १२८ यासारखे, मध्ये शून्य असलेले उदाहरण शोधते. तिथे घाई करणारे पुस्तक सगळीकडेच घाई करते. शाब्दिक उदाहरणांच्या पानावर सगळीच उदाहरणे वजाबाकीची असतील, तर मूल वाचतच नाही, दोन आकडे उचलते आणि मोठ्यातून लहान वजा करून मोकळे होते. बेरीज-वजाबाकी सरमिसळ असलेले पान मला हवे असते आणि ते बऱ्याचदा स्वतःच तयार करावे लागते. बालभारतीची भाषा आपली आहे, सुटे, हातचा, पाऊण हे शब्द तिथे परके वाटत नाहीत. सराव मात्र कमी पडतो. 'गणित मेला' विचार करायला लावते, पण इंग्रजी किंवा हिंदीतून, म्हणजे एकोणसत्तरच्या जोडीला 'उनहत्तर' येतो. म्हणून मी तिसरीच्या आधी ते काढले नाही. कर्नाटकातील मराठी माध्यमाच्या शाळांची पुस्तके राज्य सरकार काढतेच. मूल पुढे इथल्याच शाळेत घालायचे असेल, तर तीच मुख्य धरणे शहाणपणाचे, निदान घटकांचा क्रम तरी जुळतो.

पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, कोणत्याच नव्या पुस्तकात मला सापडली नाही, ती सासूबाईंकडून घेतली. कुंदा (आमच्याकडची खव्याची मिठाई) चारशे ऐंशी रुपये किलो असेल तर पाऊण किलोचे किती, हे मुलगी आता तोंडी सांगते: पाव किलोचे एकशे वीस, ते चारशे ऐंशीतून वजा. अपूर्णांकांचे प्रकरण आल्यावर तीन चतुर्थांश शिकवायला मला एक संध्याकाळ पुरली.

परीक्षेचे काय, हेही विचारले जाते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रमात अ, ब आणि क असे तीन स्तर आहेत आणि ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे मानले जातात. कोणते पुस्तक वापरले, हे तिथे कोणी विचारत नाही.

धाकट्याचे पुस्तक मात्र अजून ठरलेले नाही. तो पाच वर्षांचा आहे, दिवसभर गल्लीतल्या कन्नड मुलांबरोबर गोट्या खेळतो आणि 'हत्तु, हन्नोंदु' असे मोजतो. मराठीत विचारले तर वीसच्या पुढे गप्प बसतो. हिरांचे जुडगे पुन्हा बाहेर काढले आहेत. सध्या तो कन्नडमध्ये मोजतो, मी मराठीत म्हणते आणि आकडा वहीत मुलगी लिहिते, जागा न सोडता.