अडीच हजार लोक आले, पाकीट एक गेलं

परवा एका मैत्रिणीने विचारलं की तुझ्या मसाल्याच्या साइटवर एवढे लोक येतात तर आता नोकरी सोडली असशील ना, आणि मला चहाचा ठसकाच लागला. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकते, आकड्यांसकट.

आम्ही कळव्याला राहतो, खारेगावात. सासूबाई मालवणच्या, त्यांचा मसाला नात्यागोत्यात फेमस. दर मार्च-एप्रिलला गच्चीवर मिरची वाळत पडते, मग भाजायचा दिवस, त्या दिवशी अख्खी बिल्डिंग खोकते, मग डंकावर नेऊन कुटून आणायचा. मी म्हटलं हे ऑनलाइन विकूया की. एफएसएसएआयचं, म्हणजे खाद्यपदार्थ विकायला लागतं ते सरकारी, बेसिक रजिस्ट्रेशन काढलं (तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आत विक्री असली की तेवढं पुरायचं, फी वर्षाला १०० रुपये, १४ आकडी नंबर येतो तो पाकिटावर छापायचा), डोमेन घेतलं, साइट बनवायचं वर्डप्रेस चढवलं, स्टीलच्या वाटीत मसाला ठेवून फोटो काढले. पहिल्या महिन्यात ४१ व्हिजिटर. त्यातले निम्मे मीच, नवऱ्याच्या मोबाईलवर नीट दिसतंय का, नणंदेच्या मोबाईलवर नीट दिसतंय का असं करत.

मग सगळे सांगतात तसं लिहायला घेतलं. आठदहा पोस्ट टाकल्या, त्यातल्या बाकी सगळ्या झोपल्या आणि एकच चालली, एक किलो मिरचीला कुठला मसाला किती घालायचा ती. ती लिहितानाच आमची वादावादी झाली होती. सासूबाई म्हणे, "अगं प्रमाण कसलं, हाताला कळतं." मी त्यांच्या मुठीखाली वजनकाटा धरला, तीनदा. तिन्ही वेळा धणे वेगळे आले, शेवटी मधला आकडा लिहिला आणि खाली त्यांचंच वाक्य टाकलं की तिखट किती खाता त्यावर बघा.

मार्च लागला आणि सर्च कन्सोलमधला (गूगलवरून साइटवर कोण कसं आलं ते दाखवणारं गूगलचंच साधन) ग्राफ सरळ वरच चढायला लागला. ज्यांची साइट आहे आणि जे सर्च कन्सोल उघडत नाहीत त्यांना हात जोडून सांगते, उघडा, फुकट आहे. लोक नेमके काय टाइप करून तुमच्याकडे आले ते तिथे बरेचदा शब्दनशब्द दिसतं. मला तिथेच कळलं की आपले लोक मराठी शब्द सर्रास इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, आणि देवनागरीत करतात तेव्हा कोणी डंक लिहितं कोणी डंख, कोणी बेडगी मिरची तर कोणी ब्याडगी. मी सगळी रूपं पानात कुठे ना कुठे बसवली, शुद्धलेखनवाल्यांनी माफ करावं.

तर एप्रिलमध्ये अडीच हजार लोक आले. पाकीट गेलं एक. तेही नणंदेच्या ऑफिसातल्या बाईंनी घेतलं, म्हणजे गूगलचा काही संबंध नाही.

मग मी वेड्यासारखं सगळं करून बघितलं. बटण लाल केलं. कूपन काढलं. सोशल मीडियावर पोस्ट बूस्ट करायला, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवायला, दीड हजार रुपये घातले, लाईक आले भरपूर आणि मेसेज आले दोन, त्यातला एक मलाच त्याचे मसाले विकायला बघत होता. मग अ‍ॅडसेन्स, म्हणजे आपल्या पानावर गूगलच्या जाहिराती, लावलं, म्हटलं मसाला नाही तर नाही, जाहिरातीचे तरी येतील. आता त्याची गंमत ऐका. माझ्या मसाल्याच्या पानावर गूगल जाहिरात कोणाची दाखवणार, तर दुसऱ्या मसाल्यांची! म्हणजे प्रमाण आमचं, वजनकाटा आमचा, आणि गिऱ्हाईक चाललंय मोठ्या कंपनीकडे, त्याचे मला काही पैसे. (ते जाहिरातदार ब्लॉक करता येतात हे मला फार उशिरा कळलं.) बरं, १० डॉलर झाले की ते घरच्या पत्त्यावर पोस्टाने पिन पाठवतात, तो टाकून पत्ता सिद्ध करायचा आणि १०० डॉलर भरल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. मला १० डॉलर व्हायलाच सात महिने लागले. पिनचं पत्र आलं आणि सासूबाईंनी ते लाइट बिल समजून डब्यात ठेवून दिलं, ते वेगळंच.

गाडं सुटलं ते डंकावर. पुढच्या वर्षी मसाला कुटायला गेले, रांग होती, तिथे मी डंकवाल्या काकांजवळ रडगाणं गायले की हजारो लोक प्रमाण वाचतात पण मसाला कोणी घेत नाही. काका मशीनच्या आवाजात ओरडून म्हणाले, "अहो ताई, जो प्रमाण विचारतो तो घरी करणार ना मसाला? त्याला तुम्ही तयार पाकीट कशाला विकताय? इथे रांगेत बघा, निम्म्या बायका काहीतरी विसरून आल्यात."

खरंच होतं. एकीकडे नागकेशर नव्हतं, एकीकडे दगडफूल, आणि एका काकू वैतागल्या होत्या की एवढीशी जायपत्री पाहिजे तर दुकानदार कमीत कमी पन्नास ग्रॅम घ्या म्हणतो. मी एवढे दिवस ग्राफ बघत बसले होते आणि एक वाक्य मला सुचलं नव्हतं.

मग आम्ही एक किलो मिरचीचा खडा मसाला मोजून पॅक करायला लागलो. धणे, बडीशेप, खसखस, लवंग, मिरी, दालचिनी, चक्रीफूल, मसाला वेलची, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, हळकुंड, हिंग, सगळ्याच्या छोट्या छोट्या पुड्या. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडून तुर्भ्याला उतरायचं, एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून आणायचं, येताना दोन पिशव्या आणि अख्खा डबा शिंकतोय. मिरची मुद्दाम नाही देत, मिरची ज्याची त्याने हातात घेऊन, मोडून, वास घेऊनच घ्यावी. पान तेच ठेवलं, फक्त प्रमाणाच्या तक्त्याच्या खाली एक ओळ टाकली की हे सगळं मोजून हवं असेल तर इथे, आणि व्हॉट्सअ‍ॅपची लिंक. अ‍ॅडसेन्स त्या पानावरून काढून टाकलं.

त्या सीझनला ६३ किट गेले, ह्या वर्षी १७८. लाखो नाहीत हो. सगळा खर्च जाऊन एका किटमागे साधारण १४० रुपये सुटतात, म्हणजे वर्षाचे पंचवीस हजारांच्या आत, आणि त्यात माझे शनिवार-रविवार धरलेलेच नाहीत. नोकरी चालू आहे.

कुरियरने मात्र पहिल्या वर्षी रडवलं. किट असेल आठशे ग्रॅमचा, पण ते लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५००० करतात आणि जे जास्त येईल त्याचे पैसे लावतात. माझा ३० बाय २० बाय १५ चा खोका म्हणजे १.८ किलो! पुड्या आडव्या लावून २५ बाय २० बाय ६ च्या चपट्या खोक्यात बसवल्या तर ०.६ येतं, मग खऱ्या वजनाचेच लागतात. हे लक्षात येईपर्यंत चाळीसेक किट गेले होते. पैसे शक्यतो यूपीआयनेच घेते, पेमेंट गेटवेवाले (साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणारे) साधारण दोन टक्के कापतात आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी. ठाणे-कळव्यातली गिऱ्हाइकं तर स्टेशनवरच येऊन घेऊन जातात.

आता जून आहे, ग्राफ धाडकन खाली आलाय, दरवर्षी येतो, मी आता घाबरत नाही. पण काल सर्च कन्सोलमध्ये नवीनच प्रश्न दिसायला लागलेत, मसाल्याला पावसात जाळी लागली तर काय करायचं, वर्षभर कसा टिकवायचा. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शेंगा निवडता निवडता मान वर न करताच सांगितलं, "बरणीत हिंगाचे खडे घालायचे गं, कोरड्या चमच्याने काढायचा, अजून काय." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "खडा हिंग कसा किलो आहे तुर्भ्याला?"

शनिवारी जाऊन बघते.