आमची वाटचाल: बैलगाडीच्या धावेपासून अँबेसेडरच्या बारपर्यंत

परतवाडा-अंजनगाव रस्त्यावर, संत्र्याच्या बागा सरून कपाशी लागते तिथं आमची शेड आहे. जुन्या मोटारी वळणावर फार कलू नयेत म्हणून त्यांना स्टॅबिलायझर बार बसवायचं काम आम्ही करतो. पाटी नाही. होती, ती एका वावधनात उडाली आणि परत लावायची राहून गेली. जुनी माणसं अजून 'धाववाल्याची शेड' म्हणतात, कारण बाबांचं मूळ काम बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवण्याचं. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्र आवाज करत धाव आकसली की चाक असं आवळलं जायचं, की आरा हलायची सोय नाही. मी आठ-नऊ वर्षांचा असताना पाण्याची बादली माझ्याकडे असायची.

बैलगाड्या कमी झाल्या तशी बाबांनी ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामं धरली, मग ट्रकचे कमानपाटे. मी त्यात वेल्डिंग आणि लेथ आणलं. जुन्या मोटारी मात्र ठरवून आल्या नाहीत. पद्मिनी बनायची बंद झाली, कॉन्टेसा गेली, २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना थांबला आणि अँबेसेडरही संपली. गावोगावी डॉक्टर, वकील, संत्र्याचे बागाईतदार यांच्या वाड्यांत या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या होत्याच. वडिलांची गाडी विकवत नाही आणि चालवावी तर अंगावर येते, अशी माणसं आमच्याकडे यायला लागली. येणारा प्रत्येक जण एकच गोष्ट सांगायचा, "भाऊ, वळणावर लय कलते हो."

त्यावरचा इलाज म्हणजे स्टॅबिलायझर बार. कोणी अँटी-रोल बार म्हणतं, मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेली पोरं स्वे बार म्हणतात. पोलादाचा यू आकाराचा दांडा. मधला भाग दोन डी-बुशांतून, म्हणजे डी आकाराच्या रबरी गुटक्यांतून, बॉडीला धरलेला, दोन्ही टोकं लिंकनं, म्हणजे छोट्या जोडदांड्यानं, डाव्या-उजव्या चाकाकडे बांधलेली. गाडी कलली की एक टोक वर जातं, दुसरं खाली, दांडा पिळला जातो आणि तो पीळ गाडीला सावरतो. दोन्ही चाकं एकदमच स्पीडब्रेकरवर चढली तर दांडा बुशांत नुसता फिरतो. गाडीचं वजनही तो पेलत नाही. अँबेसेडरवाले इथं हमखास फसतात. त्या गाडीच्या पुढच्या भागात लांबीच्या दिशेनं टॉर्शन बार असतात, ते स्प्रिंगचं काम करतात. "आमच्या गाडीले बार हाये ना!" म्हणून तेच दाखवतात.

पहिला बार आम्ही भंगारातला आणला. गाडीत बसेना म्हणून गॅसनं तापवून वाकवला. बाबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "लोखंडाले आच दाखवली का त्याचा सोभाव बदलते. धाव नरम चालते, हे चालन का?" मी ऐकलं नाही. एक पावसाळा निघाला आणि जिथं गॅस मारला होता बरोबर तिथंच बार तुटला. स्प्रिंगच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं, नंतर ठरावीक तापमानाला त्याचा कडकपणा उतरवलेला असतो. आपण नुसती ज्योत फिरवली की ते सगळं गेलं. आता दांडा वाकवून झाला की पूर्ण बार नागपूरला हीट ट्रीटमेंटला जातो. आठवडा जातो, गिऱ्हाईक फोन करून डोकं खातं, जाऊ दे. बारला वेल्डिंगचा टाकाही लावत नाही.

दुसरी चूक मोठी होती. एका डॉक्टरसाहेबांची अँबेसेडर. महिन्यातून दोनदा धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याला जाणं. हाती आली तेव्हा त्या गाडीला पुढं-मागं कुठंच बार नव्हता. पुढं इंजिन, स्टिअरिंगचे रॉड, सगळी दाटी; मागं ॲक्सलजवळ जागा मोकळी. सोपं म्हणून आम्ही फक्त मागं बार घातला, तोही २२ मिलीमीटरचा. जाड तेवढा चांगला, अशी तेव्हा समजूत. कोरड्या रस्त्यावर गाडी इतकी ताठ फिरली की डॉक्टरसाहेबांनी पेढे दिले. जूनच्या पहिल्या पावसात घाटातल्या एका वळणावर तिचं मागचं अंग सटकलं आणि गाडी आडवी होऊन कठड्याच्या अलीकडं थांबली. कोणाला लागलं नाही. संध्याकाळी साहेब शेडमध्ये आले, रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "तुम्ही एकदा चालवून बघा." ते जास्त लागलं.

कारण नंतर डोक्यात शिरलं. वळणावर भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातोच. ज्या टोकाचा बार कडक, त्या टोकाच्या बाहेरच्या टायरवर त्यातला जास्त वाटा पडतो आणि तोच टायर आधी पकड सोडतो. पुढचा बार कडक असेल तर गाडी नाक बाहेर टाकते. माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो आणि ती बहुधा सावरते. मागचा कडक असेल तर शेपूट फिरतं, आणि तेव्हा ॲक्सिलरेटर सोडला तर आणखीच फिरतं. घरच्या गाडीला म्हणून आधी पुढचा बार. मागचा घालायचाच तर नंतर, आणि बारीक.

जाडीचा हिशेबही तेव्हाच वहीत मांडला. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. १६ चा १८ केला तर १.६ पट, १९ केला तर जवळजवळ दुप्पट. हाताला वाटतं तीन मिलीमीटरच वाढले! म्हणून आम्ही मधला व्यास घेतो आणि बारच्या टोकाला तीन भोकं पाडतो. लिंक बारच्या मधल्या दांड्यापासून १० इंचांवर होती ती ९ इंचांवर आणली की दांडा साधारण २३ टक्क्यांनी कडक होतो. गाडी न उघडता एवढी फेरफार पुरते.

आणि कडक करायचं तरी किती? आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर तिच्याबरोबर वरखाली होतं. डावं आणि उजवं चाक एका पातळीवर असं आमच्याकडं क्वचितच असतं. जाड बार असला की एका चाकाचा हादरा दुसऱ्या चाकाला पोचतो, गाडी डोकं हलवत चालते आणि आतलं चाक हलकं पडतं. बाबांचं म्हणणं, "कलते त कलू दे थोडी. चाक जमिनीले लागून रायलं पायजे."

बसवताना सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या अर्ध्या तासाला देतो. गाडी जॅकवर असताना बार फक्त अडकवायचा, आवळायचा नाही. आधी चाकं लटकती ठेवून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बार ब्रेकच्या होजला, सायलेन्सरला लागतो का ते बघायचं. मग गाडी खाली घ्यायची, टाकीत अर्धं पेट्रोल, ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाला सोयाबीनचं कट्टं. माझा भाचा त्या कट्ट्याला सीट बेल्ट लावतो, गिऱ्हाइकाला दाखवायला. गाडी दोन-चार वेळा दाबून बसू द्यायची. आता लिंकचा बोल्ट बोटानं आत सरकला पाहिजे. ओढून, ठोकून घालावा लागला तर बारमध्ये आधीच पीळ आहे, गाडी उभ्याउभ्या एका बाजूला झुकणार. लिंकची लांबी कमी-जास्त करायची. बोल्ट सैल सरकला की मगच पाना. रबरी बुशाला बेअरिंगचं ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं. पॉलियुरेथेन बुश असेल तर सिलिकॉन ग्रीस, नाहीतर प्रत्येक गतिरोधकावर चूं-चूं.

चाचणी जिनिंगच्या आवारात. कापसाचा हंगाम संपला की ते काँक्रीट मे महिन्यात रिकामं असतं. मध्ये खिळा ठोकून ५० फुटांच्या दोरीनं वर्तुळ घ्यायचं, त्यावर कबड्डीच्या मैदानासारखा चुना टाकायचा. तीसच्या वेगानं गाडी रेषेवर फिरवायची, मग हळूहळू वाढवायचा. ती नाक रेषेबाहेर नेते का शेपूट बाहेर टाकते, हे वॉचमनलाही दिसतं. तो आता आमच्याआधी निकाल सांगतो.

बरेचदा बार लागतच नाही. पद्मिनीला पुढं कंपनीचाच बार असतो. बुश भुगा झालेले, लिंक खडखडत असतात. टायर, शॉकअप, बुश एवढं केलं तरी गाडी सुधारते, मग आम्ही तेवढेच पैसे घेतो. यात धंदा कमी होतो, हे बायको दर दिवाळीला हिशेब करताना सांगते. आणखी एक पथ्य म्हणजे बॉडी कापायची नाही, सगळं बोल्टनं. २०२१ च्या केंद्राच्या नियमानं ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण गाडी मुळातली बदललेली नको. उद्या मालकाला तो नंबर घ्यावासा वाटला तर आमचा बार तासाभरात निघाला पाहिजे.

डॉक्टरसाहेबांची गाडी दोन महिने आम्ही फुकट ठेवून घेतली. मागचा २२ चा काढला, पुढं १८ चा बसवला, मागं काहीच नाही. बाबा गेले त्या वर्षी साहेब त्याच गाडीनं घरी आले होते. तो २२ चा बार अजून शेडच्या दाराला अडसर म्हणून आहे.

सध्या आत एक हिरवी अँबेसेडर उभी आहे. मालकाचा मुलगा पुण्याला शिकतो, त्याला मागं-पुढं जाडच बार हवेत. मी पुढच्या १८ वर अडून बसलोय. रविवारी जिनिंगवाल्यानं चावी देतो म्हटलंय, चुन्याची पिशवी आणून ठेवली आहे.