आमची वाटचाल: आधी वायर, मग कॉम्प्युटर

लातूरच्या अडत लाईनीत आम्ही काम सुरू केलं तेव्हा दुकानागणिक एकच कॉम्प्युटर असायचा. विंडोज एक्सपी बसवून देणं, हिशेबाचं टॅली बसवणं, कार्ट्रिज भरणं, यावरच आमचं भागायचं. पुढे मुनीमजींच्या शेजारी दुसरा ऑपरेटर आला, वजनकाट्यावर तिसरा कॉम्प्युटर बसला आणि सगळ्यांना एकाच डेटावर काम करायचं होतं. नेटवर्किंगचं काम तेव्हापासून आमच्याकडे आलं, ते आजतागायत.

"दादा, सर्व्हर दिसंना." सोयाबीनच्या हंगामात हा फोन येतो तेव्हा तिकडे शेतकरी पट्टीसाठी ताटकळत उभा असतो. म्हणून आमच्या पोरांना क्रम घालून दिलाय: आधी वायर, मग आयपी (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा पत्ता), मग शेअरिंग. फॉरमॅटचं नाव सगळ्यांत शेवटी.

उदगीरच्या एका डाळमिलमध्ये स्विचवरचा (सगळ्या केबली जिथे जोडतात त्या डब्यावरचा) लाईट मधूनच जायचा. केबल टेस्टर लावला, आतल्या आठ तारांचे एक ते आठ दिवे ओळीने लागायला हवेत, सहावा लागेना. पोत्यांच्या थप्पीमागे उंदरानं केबल कुरतडली होती, आतली हिरवी तार तुटलेली. नवी केबल पाईपातून नेली. तिथूनच ठरवलं, गोदामात उघडी केबल टाकायची नाही. शंभर मीटरच्या पुढे तांब्याची केबल सलग ओढायची नाही, मध्ये स्विच द्यायचा नाहीतर फायबर. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल गिऱ्हाईक कितीही म्हणो, आम्ही वापरत नाही.

वायर ठीक असेल तर आयपी बघायचा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की समजायचं, कॉम्प्युटरला राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा. वायफाय पुरेना म्हणून कुणीतरी नवा राऊटर आणून लावतो. लॅपटॉपला १९२.१६८.१ चा पत्ता मिळतो, बाकीचे १९२.१६८.० वर. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण नेटवर्क वेगळं झाल्यानं टॅलीचं फोल्डर काही दिसत नाही. नव्या राऊटरचं डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणं, बंद करायचं, त्याला जुन्या रांगेतला मोकळा पत्ता द्यायचा आणि केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टातून काढून लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टात घालायची.

२०१७ नंतर फोन एकदम वाढले. त्या वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरस एसएमबी-१ मधल्या (विंडोजच्या फाईल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीतल्या) त्रुटीतून जगभर पसरला होता. ऑक्टोबरपासून विंडोज १० मधून एसएमबी-१ टप्प्याटप्प्यानं काढायला सुरुवात झाली. एक्सपीला मात्र तेवढीच पद्धत येते, त्यामुळे एक्सपीवर डेटा ठेवलेल्या दुकानांत नव्या मशीनला तो दिसेना. एसएमबी-१ चालू करून द्या, असा आग्रह बऱ्याच शेठजींनी धरला. आम्ही जुनं मशीन बदलायला सांगितलं. काही गिऱ्हाईकं तेव्हा तुटली, पण वर्षाचा हिशेब असा उघड्यावर ठेवणं आम्हाला पटत नव्हतं.

आता प्रत्येक दुकानात स्विचशेजारी एक कागद चिकटवतो: कोणत्या पोर्टात कोणता कॉम्प्युटर, त्याचा आयपी काय. ऑपरेटर तो बघून स्वतः पिंग करतो (त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते तपासतो) आणि मगच आम्हाला फोन लावतो.