तुम्ही विचारलंत म्हणून: आडवाटेच्या फोनचा रिव्ह्यू करावा का?

अँड्रॉइड आणि आयफोन सोडून तिसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या फोनचे रिव्ह्यू करण्यात काही अर्थ आहे का, असं मला वरचेवर विचारलं जातं. तिसरी म्हणजे सेलफिश, उबुंटू टच, कायओएस किंवा गुगलची ॲप वगळून बनवलेलं ग्राफीनओएससारखं अँड्रॉइड. विचारणारे बहुतेक जण नुकतेच रिव्ह्यू करू लागलेले असतात आणि त्यांची शंका रास्त असते. जवळपास सगळे स्मार्टफोन दोनच सिस्टिमवर चालत असताना उरलेल्या मूठभरांसाठी पंधरा दिवस कुणी घालवायचे?

माझं उत्तर आहे, जरूर करावा. पण सॅमसंग किंवा शाओमीच्या फोनचा करता तसाच करणार असाल, तर नका करू.

लोकप्रिय फोनमधली खोट लपून राहत नाही. तापत असेल तर महिन्याभरात दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे सांगतात, तुमचा रिव्ह्यू असो वा नसो. आडवाटेच्या फोनबद्दल मात्र घेणाऱ्याच्या हाती दोनच गोष्टी असतात: कंपनीचं पत्रक आणि चाहत्यांचं कौतुक. तिसरा, तटस्थ आवाज तिथे नसतोच. तो तुम्ही दिलात तर कुणाचे तरी पैसे वाचतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सनं फायरफॉक्स ओएसवरचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना आणला. दोन हजारांच्या आत स्मार्टफोन, ही बातमी सगळीकडे झाली. घेणाऱ्याला कळायला हवं होतं ते वेगळंच. रॅम १२८ एमबी, म्हणजे दुसरं ॲप उघडलं की पहिलं बंद पडणार. थ्रीजी नाही. व्हॉट्सॲपचं अधिकृत ॲप नाही. आणि सिस्टिम पुढे किती दिवस सांभाळली जाणार याची शाश्वती नाही. डिसेंबर २०१५ मध्ये ती बनवणाऱ्या मोझिलानं फोनसाठीचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलंच. त्या फोनसाठी दोन हजार मोजणारा माणूस बहुधा पहिल्यांदाच स्मार्टफोन घेत होता, आणि त्याच्याकडे दुसरा फोन घ्यायला दुसरे दोन हजार नव्हते.

शिवाय, आडवाट कुणाच्या लेखी? फायरफॉक्स ओएसच्याच कोडमधून कायओएस निघाली आणि २०१७ मध्ये ती जिओफोनमध्ये आली. दीड हजार रुपये परत मिळण्याजोगी अनामत, २.४ इंची पडदा, ५१२ एमबी रॅम. कोट्यवधी लोकांनी तो घेतला. त्यावर व्हॉट्सॲप यायला सप्टेंबर २०१८ उजाडला आणि २०२५च्या सुरुवातीला ते कायओएसवरून गेलंही. या दोन तारखांमध्ये त्या फोनचा खरा उपयोग सामावलेला होता. ज्यांनी त्यावर घरच्यांशी बोलायची सवय लावून घेतली, त्यांच्यासाठी कुणी सविस्तर लिहिलं? रिव्ह्यू करणाऱ्यांच्या टेबलावर जे नसतं ते लोकांच्या खिशातही नसतं, असं धरून चालू नये.

आता करायचा कसा, ते सांगणं जास्त गरजेचं आहे. पडद्याची चमक, बेंचमार्कचे आकडे, कॅमेऱ्याचे नमुने हे सगळं इथे नंतर. आधी आपलं रोजचं सिम त्यात घाला आणि फोन लागतो का ते बघा.

हे हसण्यावारी नेऊ नका. जिओचं जाळं पहिल्यापासून फक्त फोरजीचं आणि पुढे फाइव्हजीचं. टूजी-थ्रीजी तिथे नाहीच. म्हणजे व्हीओएलटीई (फोरजीच्याच जाळ्यावरून कॉल करायची सोय) चालत नसेल, तर जिओच्या सिमवर इंटरनेट झकास चालतं आणि साधा कॉल लागत नाही. एअरटेल किंवा व्हीआयच्या सिमवर कॉल लागतो, पण तो टूजीवर उतरून लागतो. कॉल चालू असताना वरच्या पट्टीत ४जीच्या जागी ई किंवा २जी दिसू लागलं आणि नकाशा हलायचा थांबला, की समजा, व्हीओएलटीई नाही. उबुंटू टचवर व्हीओएलटीई मोजक्याच मॉडेलवर चालतं. पाइनफोन या लिनक्सवरच्या फोनमध्ये मोडेमला (जाळ्याशी बोलणाऱ्या चिपला) एटी कमांड, म्हणजे टाइप केलेल्या सूचना, देऊन कंपनीनुसार योग्य प्रोफाइल निवडावं लागतं. त्यामुळे ‘कॉल उत्तम’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या कंपनीचं सिम, कोणत्या मॉडेलचा फोन, सिस्टिमची कोणती आवृत्ती, हे तिन्ही लिहिलं तरच वाचणाऱ्याला उपयोग.

दुसरी चाचणी झोपलेल्या फोनची. तासभर हात न लावता ठेवा आणि मग दुसऱ्या फोनवरून कॉल करा. पाइनफोन गाढ झोपेत गेलेला असला, तर जागा व्हायलाच काही सेकंद घेतो. तोवर पलीकडचा माणूस कंटाळून फोन ठेवतो. ही झोप बंद केली तर बॅटरी दिवस काढत नाही. रिव्ह्यूमध्ये दोन्ही आकडे हवेत: रात्री अकराला किती टक्के आणि सकाळी सातला किती, झोप चालू असताना आणि बंद असताना. आणि एक विनंती: आणीबाणीचा कॉल तपासायला ११२ लावून बघू नका, ती लाइन खऱ्या गरजूंसाठी मोकळी राहू द्या.

मग पैशांचा व्यवहार. यूपीआयचं ॲप नव्यानं सुरू करताना ते तुमच्या सिमवरून बँकेकडे गुपचूप एक एसएमएस पाठवतं; नंबर तुमचाच आहे याची खातरजमा त्यातून होते. उबुंटू टचवर अँड्रॉइड ॲप चालवायला वेड्रॉइड वापरतात. ते एका वेगळ्या कप्प्यात चालतं आणि त्या कप्प्याला सिमपर्यंत पोहोचता येत नाही. ॲप उघडतं, रंगरूप ठीक दिसतं आणि नंबर पडताळण्याच्या पायरीवर अडकतं. नुसतं उघडून ‘चालतं’ असं लिहिणारे इथेच फसवतात. पैसे पाठवून, पैसे आल्याचा संदेश येईपर्यंत थांबावं. ग्राफीनओएसवर अडचण निराळी: सिम दिसतं, एसएमएसही जातो, पण काही बँका गुगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणी सेवेकडे विचारणा करतात आणि गुगलनं प्रमाणित न केलेली सिस्टिम दिसली की दार लावतात. हे बँकेगणिक वेगळं असतं, कधी एकाच बँकेच्या दोन आवृत्त्यांतही. म्हणून बँकेचं नाव, ॲपची आवृत्ती आणि तारीख लिहा. जोडीला यूएसएसडी कोड (* आणि # लावून डायल करायचे) नीट चालतात का आणि मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली यूपीआय १२३पे, म्हणजे साध्या कॉलवरून पैसे पाठवायची सोय, त्या फोनवरून वापरता येते का, हेही पाहा. तिथे कीपॅडवरून दाबलेले आकडे पलीकडे पोहोचले पाहिजेत, आणि नेमकं तेच काही फोनवर होत नाही.

मराठी वाचकांसाठी लिहिताना एक चाचणी मी कधीही वगळणार नाही. मेसेजमध्ये एवढंच टाइप करा: दर्या, दऱ्या, ऱ्हास, ॲप, कॅलेंडर, डोळ्यांत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे दिसले पाहिजेत. फाँटमध्ये आडवा अर्धा र नसेल तर समुद्र आणि खोरी एकच होऊन बसतात किंवा अक्षर तुटतं. ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फाँटवर त्याच्या जागी ठोकळा किंवा ठिपक्यांचं वर्तुळ येतं. हिंदीचाच कीबोर्ड मराठीच्या नावानं दिला असेल, तर ळ कुठे दडलाय ते शोधावं लागतं. मग ७० अक्षरांहून मोठा मराठी एसएमएस स्वतःला पाठवा. तेवढ्यानंतर तो तुकडे होऊन जातो आणि पोहोचल्यावर जोडून एकच दिसायला हवा. तुकडे सुटे दिसले, तर बँकेचे आणि वीज कंपनीचे मराठी संदेश त्या फोनवर वाचणं अवघड आहे. परदेशातल्या रिव्ह्यूमध्ये हे कधी सापडणार नाही. आपण नाही लिहिलं तर कुणीच लिहिणार नाही.

नोटिफिकेशन उशिरा का येतात, तेही एकदा समजावून सांगावं. नेहमीच्या अँड्रॉइडवर बहुतेक ॲप गुगलची एकच जोडणी वापरतात. गुगल काढलं की प्रत्येक ॲपला आपली स्वतंत्र जोडणी सतत जागती ठेवावी लागते. म्हणून एकतर बॅटरी भराभर उतरते, नाहीतर मेसेज तुम्ही ॲप उघडाल तेव्हा येतो. हा बिघाड नाही, निवडीची किंमत आहे, आणि ती वाचकाला आधी कळली पाहिजे.

सिस्टिम स्वतः टाकायची असेल, तर रिव्ह्यूचा निम्मा भाग तिथेच खर्च होऊ द्या. *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहून घ्यायचा. जमत असेल तर मोडेमच्या विभागांचा बॅकअप घ्यायचा, कारण ते बिघडले तर आयएमईआय जातो आणि फोन जाळ्यावर येत नाही. बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) अनलॉक करताना सगळा डेटा पुसला जातो. केबल थेट पोर्टला लावायची, हबमधून नाही. अर्ध्यावर अडकलेली बरीच फ्लॅशिंग (फोनमध्ये सिस्टिम भरण्याची कामं) केबल बदलल्यावर सुटतात. उबुंटू टच टाकण्याआधी फोन ठरावीक अँड्रॉइड आवृत्तीवर न्यावा लागतो, कारण ध्वनी, कॅमेरा आणि मोडेमसाठी ते अँड्रॉइडचेच ड्रायव्हर वापरतं. आवृत्ती चुकली की फोन सुरू होतो, पण आवाज नाही किंवा सिम दिसत नाही. आणि बूटलोडर परत लॉक करावा का? बहुतेक फोनवर दुसरी सिस्टिम असताना लॉक केलात तर फोन सुरूच होणार नाही. पिक्सेलवर ग्राफीनओएस टाकताना मात्र लॉक करणं ही आवश्यक पायरी आहे, कारण पिक्सेल त्या सिस्टिमची किल्ली साठवून घेतो आणि दर वेळी तिच्याशी ताडून पाहतो. ‘लॉक करा’ किंवा ‘करू नका’ असं सरसकट लिहिणारा रिव्ह्यू कुणाचा तरी फोन कायमचा बंद पाडू शकतो.

अपडेटबद्दल लिहिताना दोन थर वेगळे करा. वरची सिस्टिम गेल्या महिन्यातली असू शकते आणि खालचा कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा गाभा, अनेक वर्षं जुना. टर्मिनल उघडून कर्नलची आवृत्ती बघा, उत्पादकाच्या सुरक्षा पॅचची तारीख बघा आणि दोन्ही छापा. ‘नियमित अपडेट मिळतात’ या वाक्यात वरचा थरच मोजलेला असतो.

याच्याच जोडीला, कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर फोनचं काय राहील? ४ जानेवारी २०२२ ला ब्लॅकबेरीनं जुन्या फोनच्या सेवा थांबवल्या, तेव्हा डेटाच नव्हे, कॉल आणि एसएमएसही भरवशाचे राहणार नाहीत असं सांगितलं होतं. सॅमसंगचा टायझन या त्यांच्याच सिस्टिमवरचा झेड१ जानेवारी २०१५ मध्ये ५,७०० रुपयांना भारतात आला. टायझनचं ॲप स्टोअर २०२१ अखेर बंद झालं. म्हणून फोन फॅक्टरी रीसेट करा, वायफाय बंद ठेवा, सिम काढा आणि खातं न उघडता मुख्य पडद्यापर्यंत जाता येतं का बघा. ॲप बाहेरून, फाइल देऊन टाकता येतं का बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

कशाचा रिव्ह्यू करू नये, हेही सांगायला हवं. हातात न आलेल्या फोनचा. २०१३ मध्ये उबुंटू एज या फोनसाठी उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलनं लोकांकडून ३.२ कोटी डॉलर मागितले, सुमारे १.२८ कोटींची नोंद झाली आणि फोन बनलाच नाही. बातमी द्या, पण रिव्ह्यूच्या नावाखाली पत्रक छापू नका. ‘स्वदेशी’ म्हणून जाहीर होणाऱ्या सिस्टिमलाही हाच नियम लावावा: उतरवून घेता येते का, कोणत्या फोनवर चालते, ती अँड्रॉइडच्याच खुल्या कोडवर उभी आहे का. ही उत्तरं मिळेपर्यंत स्टार देऊ नयेत.

राहिला वेळेचा प्रश्न. एकट्यानं काम करणाऱ्याला दर महिन्याला हे झेपणार नाही. वर्षाला एक करा, पण पंधरा दिवसांचा करा आणि सहा महिन्यांनी त्याच लेखात तारीख घालून भर टाका. हे प्रकल्प छोटे असतात. सापडलेली त्रुटी रिव्ह्यू प्रसिद्ध करण्याआधी त्यांच्याकडे नोंदवली, लॉग (फोननं आपोआप ठेवलेली नोंद) जोडला, मॉडेल आणि सिमची कंपनी सांगितली, तर काही वेळा ती पुढच्याच आवृत्तीत दुरुस्त होते. तसं झालं, तर जुनं वाक्य खोडू नका; त्याखाली लिहा की अमुक आवृत्तीपासून जिओवर कॉल लागतो, आणि ते पुन्हा स्वतः सिम घालून तपासल्यावरच लिहा.