चार चाकांवरचं घर आणि ऐंशी लिटर पाणी

घरी नळ सोडला की पाणी येतं, मोरीत ओतलं की जातं. मधला हिशोब कोणी ठेवत नाही. कॅम्पर व्हॅन घेऊन सातपुड्यातल्या तोरणमाळला निघालं की तो हिशोब मानगुटीवर बसतो. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात संसार केलेल्या आजीला मात्र हे शिकवावं लागत नाही. गाडीत चढता चढताच ती विचारते, ‘‘पानी कितलं शे रे?’’

ऐंशी लिटर. पाच माणसं, दोन रात्री. प्यायला आणि चहाला माणशी रोज तीन लिटर धरले तर तीस तिथेच गेले. उरलेल्या पन्नासात स्वयंपाक, भांडी, हात-तोंड. आंघोळीचं नाव काढायचं नाही. ऐंशी लिटर म्हणजे ऐंशी किलो, गाडीत एक माणूस जास्तीचाच. म्हणून टाकी घरून भरून आणण्यात अर्थ नाही, ती शहाद्यात भरावी. धुळेकर दोंडाईचा-सारंगखेड्याकडून तापी ओलांडून येतात, जळगावकर चोपडा-शिरपूरवरून. दोघांनाही शहादा लागतंच. डिझेल आणि टायरची हवाही तिथेच बघून घ्यावी. पुढे म्हसावद, राणीपूर करत घाट. टाकी भरायची तर काठोकाठ. अर्धवट टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं आणि उंच गाडी त्याच्यासोबत झुकते.

पाण्याचा खरा शत्रू तहान नव्हे, शेवभाजीची तर्री. तेलकट ताट धुवायला साध्या ताटाच्या तिप्पट पाणी लागतं, शिवाय थंडीच्या रात्री ते तेल सांडपाण्याच्या पाइपात गोठून बसतं. ताटं आधी रद्दी पेपरने पुसायची, मग धुवायची. त्यापेक्षा पहिल्या रात्रीला भरीत बरं. पण वांगी वर जाऊन भाजू नयेत. सातपुड्याच्या रानात वाटेल तिथे जाळ करणं गुन्हा आहे, आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणायला खान्देशी माणूस सहसा तयार होत नाही. सकाळी घरीच कपाशीच्या काड्यांवर भाजून, सोलून, गर डब्यात घालून न्यावा. वर फक्त हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि तेलाची फोडणी. गर त्याच रात्री संपवायचा, दुसऱ्या दिवशी आंबतो.

मिरची-लसूण वाटायला खलबत्ता घ्या. मिक्सर सोबत नेणाऱ्यांना विजेचं गणित माहीत नसतं. 500 वॅटचा मिक्सर बारा व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरमार्फत चालवला तर तो पंचेचाळीस-पन्नास अँपिअर ओढतो. वायर बारीक असेल तर ती हाताला चटका देईल इतकी तापते. 100 अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी कागदावर 1200 वॅट-तास देते, पण तिला निम्म्याखाली उतरवलं की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हातात 600. पंचवीस वॅटचा पंखा रात्रभर आठ तास चालला की 200 गेले. छोटा फ्रिज थांबत-थांबत चालला तरी दिवसाकाठी पाचशेच्या आसपास खातो. दोन्ही एकदम परवडत नाहीत. तोरणमाळ साधारण 1,150 मीटरवर. हिवाळ्यात पंखा लागत नाही आणि दही-भाजी बाहेरही टिकते, त्यामुळे फ्रिज बंद ठेवला तरी काही बिघडत नाही. टपावर सोलर पॅनेल असेल तर गाडी सावलीत लावायची नाही, एवढं मात्र घरातल्या मोठ्यांना पटवावं लागतं. झाड दिसलं की त्याखाली गाडी लावायची ही सवय आपल्याकडच्या उन्हाने लावलेली आहे.

राज्याने 2021 मध्ये कारवान पर्यटनाचं धोरण आणलं, पण मुक्कामाच्या जागी प्लग आणि नळ असेल असं गृहीत न धरता आधी फोन करून विचारावं. जागेवर उजेडी पोहोचावं. अंधारात गाडी समतल करता येत नाही, आणि तिरकी राहिली तर सगळे झोपेत एकाच भिंतीवर घरंगळतात. ओट्यावर काठ असलेलं ताट ठेवून त्यात थोडं पाणी ओता, ज्या काठाला पाणी जमेल तिथलं चाक फळीवर चढवा. मग हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकांना दगड.

या उंचीवर पाणी 100 ऐवजी 96 अंशांच्या आसपास उकळतं. चहाला त्याचं काही नाही. उघड्या पातेल्यातली तुरीची डाळ मात्र हट्टाला पेटते. कुकर न्यावा आणि एखादी शिट्टी जास्त द्यावी. पाच किलोचा सिलिंडर एका बर्नरवर पंचवीस तास सहज जातो. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून गाडीच्या तळाशी जाळीचं भोक असतं. थंड वारा येतो म्हणून त्यात कोणी गोधडी कोंबली तर ती आधी काढा. ऊब म्हणून कोळशाची शेगडी आत आणणं तर साफ नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्याला तो कळत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात, नाहीतर पाच जणांच्या श्वासाचं पाणी पहाटे छतावरून अंथरुणावर टपकतं. बिबडे-कुरडया बाहेरच तळा, तेलाचा वास गाद्यांतून महिनाभर जात नाही.

यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं मंदिर बघून झालं की परतीच्या सकाळी उरलेलं पिण्याचं पाणी झाडांना घालावं; उतारावर ते वजन नको. सांडपाणी आणि संडासची पेटी मात्र तलावाच्या आसपासही रिकामी करू नये, ती बंद करून खाली आणायची. सातपायरी घाट उतरताना दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. सारखा ब्रेक दाबत राहिलं की ब्रेकचं ऑइल उकळतं आणि पेडल मऊ पडून खाली जातं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे महाभाग अजून आहेत. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची ताकद गेली आणि पॉवर स्टिअरिंगही. राणीपूरला दहा मिनिटं थांबून चाकं निवू द्यावीत, वरून पाणी ओतून नव्हे.

घरी आल्यावर बॅटरी त्याच दिवशी पूर्ण चार्ज करायची, फ्रिजचं दार उघडं ठेवायचं, टाकीचा खालचा बूच काढायचा. संडासची पेटी घरच्या संडासात कोणी ओतायची हे निघण्याआधीच ठरवून ठेवलेलं बरं. जावईबापूंना सांगता येत नाही आणि मुलं तेव्हा कुठेच सापडत नाहीत.